हळदीचा रंग आणि तारणाचं गोदाम

परवा नातीने विचारलं, "आजोबा, श्रीखंडात केशराचा रंग चालतो, मग हळदीला वरून रंग लावला तर गुन्हा कसा?" त्यावरून इंदूरची जुनी गोष्ट आठवली.

अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, लागू झाला १ जून १९५५ पासून. त्याच्या नियमांत नैसर्गिक रंगांची वेगळी यादी होती: केशर, हळद, कॅरोटीन, क्लोरोफिल, कॅरामल वगैरे. गंमत म्हणजे यादीतलं रंगद्रव्य कारखान्यात बनवलेलं असलं तरी चालत असे. पण कुठला रंग कुठल्या पदार्थात, हेही ठरलेलं होतं. हळदपूड तर बाहेरच्या रंगाविनाच हवी. आणि मेटॅनिल यलो हा स्वस्त पिवळा रंग खाण्याच्या कुठल्याच यादीत नव्हता.

१९८४ च्या सुमारास मी इंदूरच्या शाखेत होतो. वडिलांच्या ओळखीचे एक काका मसाल्याची चक्की चालवत. हळदीच्या तारणावर त्यांना कॅश क्रेडिट दिलेलं. गोदाम तपासून मी अहवालात लिहिलं, "मालाचा रंग उत्तम." घरी आईसुद्धा त्यांचीच हळद वापरायची.

काही महिन्यांनी अन्न निरीक्षक आले. रीतीप्रमाणे नमुन्याचे तीन भाग करून सील केले, एक सरकारी विश्लेषकाकडे गेला. अहवालात मेटॅनिल यलो निघाला. त्या कायद्यात अशा गुन्ह्याला कैदेची शिक्षा होती. काका माझ्यासमोर बसून म्हणाले, "बाळ, फिकी हळद सियागंजात कोणी हातात धरत नाही रे." मला उत्तर सुचलं नाही. त्या रंगाला उत्तम म्हणणारा मीच होतो ना!

गोदामातल्या मालाची किंमत शून्य झाली. खटला वर्षानुवर्षं चालला. कर्ज हप्त्या-हप्त्याने फिटलं, पण काका आमच्याकडे गणपतीला पुन्हा आले नाहीत.

तो कायदा जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला, नवे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून. हळदीची अट मात्र तीच आहे. प्रयोगशाळेतली एक परीक्षा तेव्हा कळली: पुडीवर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की शुद्ध हळदही गुलाबी होते, पण पाणी घातल्यावर तो रंग जातो. मेटॅनिल यलो असेल तर टिकतो. (आम्ल जहाल असतं, घरी करू नका.)

नातीला एवढंच सांगितलं, केशर आपण दाखवून घालतो, तो रंग लपवून घातला होता. आम्ही तेव्हापासून हळकुंडंच आणतो. तुमच्या गावात दळणाची हळद कुठून यायची, जरूर लिहा.