आटपाडीच्या बाजारातला समुद्र

आमच्या आटपाडीला समुद्र नाही. माणगंगा नदी आहे, पण तीही पूर्वी वर्षातले दहा महिने वाळूचीच वाहत असे. सरळ रेघ ओढली तरी कोकणचा किनारा आमच्या गावापासून दीडशे किलोमीटरांहून दूर पडतो, आणि मध्ये सह्याद्री उभा. अशा गावच्या माणसाने समुद्रावरच्या मासेमारीचा इतिहास सांगावयास बसावे, हे वाचकांना जरा आगाऊपणाचे वाटेल. पण समुद्र आमच्याकडे येत असे. तो आठवड्याच्या बाजाराला येई, गोणत्यात बसून येई, आणि दिसण्याआधी वासाने कळे.

बाजाराच्या अगदी कडेला, मिरचीवाल्यांच्याही पलीकडे, सुकटवाल्यांची ओळ असे. वाऱ्याची दिशा पाहूनच त्यांना जागा मिळते, असे आम्ही पोरे म्हणत असू. पोत्यावर जवळ्याचा गुलाबी ढीग, शेजारी वाकड्यातिकड्या काटक्यांसारखे बोंबील, आणि कधीमधी मिठाने पांढरे पडलेले खारे बांगडे. बांगडा महाग. आजी त्याच्याकडे बघायची आणि सुकट घ्यायची. घरी आल्यावर तव्यावर कोरडीच भाजून, चोळून, पाखडून, कांदा-लसूण-मिरचीवर परतली की चार भाकरींना कोरड्यास व्हायचे. घरात माळकरी चुलते होते. ते त्या दिवशी ओसरीवर जेवत आणि नाकाला उपरणे लावीत. आजी म्हणे, “वास घेतला म्हंजी माळ तुटत न्हाई.”

१९७२ साली मी आठ वर्षांचा होतो. त्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मी एवढेच सांगतो की आमची आई नालाबंडिंगच्या कामावर होती, घरात मिलोच्या तांबड्या भाकरी होत्या आणि कामावर सुकडी वाटत. सुकडी आणि सुकट या दोन शब्दांची माझ्या डोक्यात तेव्हा जी गल्लत झाली, ती पुष्कळ दिवस टिकली. दोन्ही खाऊन माणूस जगतो, एवढे मात्र बरोबर समजले होते. त्याच वर्षी एकदा भाकरी थापता थापता आजीने मला विचारले, “पोरा, तू साळंत जातूस. समुद्र म्हंजी आपल्या तळ्यापरीस किती मोठा आसंल रं?” मी हात पसरून दाखवला. ती म्हणाली, “मोठा झालास की दाव मला.” मी मोठा झालो, शिक्षक झालो, पगार सुरू झाला, पण ते राहून गेले.

पुढे इतिहास शिकवता शिकवता एक प्रश्न मला छळू लागला. बांगडा महाग आणि सुकट स्वस्त का? दोन्ही एकाच समुद्रातले, एकाच घाटाने वर येणारे. उत्तर माशात नव्हते, मिठात होते.

जवळा आणि बोंबील थंडीच्या कोरड्या उन्हात मिठावाचून वाळतात. जवळा खळ्यावर पसरावा, बोंबील जोडीजोडीने दोरीवर टांगावा. ऊन आणि वारा बाकीचे काम करतात. बांगडा तेलकट. त्याला मीठ भरल्याशिवाय तो टिकत नाही. आणि इंग्रजी अमलात मिठावर कर होता. १८८८ साली तो मणाला अडीच रुपये झाला. १८७८ च्या करारान्वये इंग्रजांनी गोव्यातील मिठाचे उत्पादनसुद्धा आपल्या ताब्यात घेतले, म्हणजे शेजारच्या पोर्तुगीज हद्दीतून स्वस्त मीठ येण्याची वाट बंद. तो करार १८९२ पर्यंत चालला. मासे खारवणाऱ्यांचा धंदा बुडू नये म्हणून सरकारने रत्नागिरी आणि कारवारकडच्या किनाऱ्यावर खारवणीची आवारे काढली. तेथे सवलतीचे मीठ मिळे, पण मासे आवारातच खारवावयाचे आणि मिठाचा हिशेब द्यावयाचा. एवढे करूनही खारा बांगडा घाट चढून आमच्यापर्यंत येई, तेव्हा तो गरिबाच्या हाताबाहेर गेलेला असे. औंध संस्थान आपले, राजा आपला, पुढे १९३९ साली तर त्या राजाने प्रजेला स्वराज्याची घटनाच दिली. पण मिठाचा कर मिठागरावरच वसूल होत असल्यामुळे आमच्या आटपाडी महालातल्या माणसालाही तो चुकला नाही. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्याचा आमच्या ताटाशी काय संबंध, हे मला आजीच्या खरेदीवरून कळले. तो कर १९४७ साली गेला. आजीची सवय मात्र गेली नाही.

माल येण्याची वाट जुनीच. दाभोळच्या खाडीतून गलबते चिपळूणच्या बाजूला येत. तेथून कुंभार्ली घाटाने बैलांचे तांडे आणि पुढे गाड्या कऱ्हाडला चढत. मीठ, नारळ, सुके मासे वर. धान्य, गूळ, मिरची खाली. कऱ्हाडावरून विटा, विट्यावरून भिवघाट, आणि मग आमचे माळ. दक्षिणेकडचा माल फोंडा आणि आंबा घाटांनी कोल्हापूरकडे जाई.

सेवानिवृत्त झाल्यावर एका मार्गशीर्षात मी मालवणला गेलो. एकटाच. आजी जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षे झाली होती. समुद्र पाहून काय वाटले ते लिहीत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पहिल्यांदा समुद्र पाहिल्याचे वर्णन हास्यास्पदच होते. पहाटे थंडी होती, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत होता आणि पाणी ताटासारखे सपाट पडले होते. उथळ वाळूचा तो किनारा, कंबरभर पाण्यातून बराच आत चालत जावे असा. तेथे मी रापण पाहिली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे प्रचंड जाळे. पावसाळा सरला की किनाऱ्यालगतचे पाणी सूक्ष्म जीवांनी समृद्ध झालेले असते. ते खावयास बांगड्यांचे आणि तारल्यांचे थवे थेट उथळ पाण्यात येतात. थव्याची चाहूल लागली की जाळ्याची एक दोरी काठावर ठेवून होडी निघते, अर्धवर्तुळ घालीत जाळे सोडते आणि दुसरी दोरी घेऊन लांबवर काठाला लागते. मग दोन्ही दोऱ्यांवर माणसे लागतात आणि ओढत ओढत एकमेकांजवळ सरकतात. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. पन्नास-साठ माणसे लागतात, आणि दोन-तीन तास कोणी दम खात नाही. जाळेसुद्धा एकाच्या मालकीचे नसे. प्रत्येक घराने आपापला तुकडा विणावयाचा, सर्व तुकडे जोडून रापण व्हावयाची, आणि मासळीची वाटणी त्याप्रमाणे. नायलॉन येण्यापूर्वी ही जाळी तागाची असत. कुजू नयेत म्हणून त्यांना झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. ताग आमच्याकडेही पेरतात. फुलावर आला की जमिनीत गाडतात, नाहीतर दोरखंड वळतात. हे ऐकून मला उगीचच बरे वाटले.

काठावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. “तुमी खयचे?” त्यांनी विचारले. मी आटपाडी म्हणालो. त्यांना कळले नाही. ‘दो आँखे बारह हाथ’ या चित्रपटामागे ज्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची प्रेरणा होती, तो आमच्या गावाजवळचा, असे मी सांगितले; बाहेर मी नेहमी हेच सांगतो, आणि पुष्कळदा उपयोग होतो. या वेळी झाला नाही. शेवटी “घाटावरचो” एवढ्यावर आमचे जमले.

“पूर्वी रापण ओढूक लागली की आख्खो गाव किनाऱ्यार येवचो,” ते म्हणाले. “आता माणसां मोजून घेवची लागतत.”

याचे कारण त्यांनी समुद्राकडे बोट करून दाखवले. लांब क्षितिजावर यांत्रिक नौका होत्या. १९७० नंतरच्या काळात ट्रॉलर आणि मग पर्ससीन जाळी आली. पर्ससीन म्हणजे थव्याभोवती टाकून खालून बटव्यासारखे आवळावयाचे जाळे. थवा उथळ पाण्याकडे येण्यापूर्वीच तो वाटेत उचलला जातो. मग काठावरची रापण रिकामी. गोव्यात रापणकारांनी याविरुद्ध मोठे आंदोलन केले. १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे कायदे झाले, किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखावा असे ठरले. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने पर्ससीनवर आणखी निर्बंध घातले. कायदा आहे, पण रात्रीच्या समुद्रावर पहारा कोण ठेवणार, हा जुनाच प्रश्न. माझ्या मते येथे यंत्राचा दोष नाही. ज्याने त्याने आपला माणूस पोसण्यासाठीच होडी घेतली. फरक एवढाच की रापणीत दोरीला हात लावील त्याला वाटा मिळे, आणि या दुसऱ्या प्रकारात दोरी यंत्र ओढते.

आमच्याकडेही दिवस पालटलेच आहेत. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडीला आले, माळावर डाळिंबे लागली, आणि बाजारात आता बर्फातली ताजी मासळीही दिसते. सुकटवाल्यांची ओळ आखूड झाली आहे, आणि सुकट पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही.

त्या सकाळी जाळे काठाला लागत आले तेव्हा एका दोरीवर माणसे कमी पडू लागली. म्हातारे उठले, धोतर खोचले आणि मला म्हणाले, “गुरुजी, बघतास काय? हात लावा!” मी चप्पल काढून पाण्यात उतरलो. दोरी ओली, खरखरीत. विहिरीची मोट ओढल्यासारखे वाटले. मासळी फार निघाली नाही. बांगडे थोडे, बाकी तारली आणि बारीकसारीक. वाटण्या झाल्या. सर्वांत शेवटी एका पोराने माझ्यापुढे तीन बांगडे आणून ठेवले. मी नको म्हणालो, मी पाहुणा आहे, पैसे देतो म्हणालो. म्हाताऱ्यांना ते आवडले नाही. “दोरीक हात लावलास ना? मग ह्यो तुझो वाटो.”

ज्या घरी उतरलो होतो तेथल्या बाईंनी दोन रांधले. तिसरा मी त्यांच्याकडून मीठ भरून, उन्हात वाळवून घेतला, कागदात गुंडाळला आणि एस.टी.ने फोंडा घाटाने वर आणला. गाडीत वास सुटला. शेजारच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला, आणि मला ओसरीवरच्या चुलत्यांची आठवण झाली.