कणगीपासून पासबुकापर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, अशी प्रेमाची आज्ञा चिटणीसबाईंनी केली आणि मी विचारात पडले. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि सनदा डोळ्यांपुढे येतात. आपल्या फुलंब्रीच्या एका बाजूस देवगिरीचा किल्ला आणि दुसऱ्या बाजूस अजिंठ्याची लेणी आहेत. त्यांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. माझा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. गिरिजेच्या काठच्या आपल्या घरांतून बायकांनी काटकसर कशी केली, शिल्लक कशात ठेवली आणि ती अखेर कोणाच्या हाती गेली, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. काटकसर आणि कंजुषी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज जे आहे त्यातून उद्याच्या अडचणीसाठी थोडे बाजूला काढणे ही काटकसर होय. घरात असूनही पोटाला न देणे ही कंजुषी. आपल्या आयाआज्यांनी केली ती काटकसर. आणि ती त्यांना मराठवाड्याच्या बेभरवशाच्या पावसाने शिकविली.

पूर्वी खेड्यात रोख पैसा फारच थोडा फिरत असे. सुतार, लोहार, कुंभार यांना बलुते धान्यातच मिळे आणि शेतमजुरीही पुष्कळदा ज्वारीत मोजली जाई. साहजिकच घरची शिल्लक म्हणजे धान्याची शिल्लक. मोठ्या वाड्यात बळद असे, बेताच्या घरी शेणामातीने लिंपलेली कणगी असे आणि ज्यांचे पीक अधिक त्यांचे पेव असे. जमिनीखालच्या पेवात हवा कोंडून राहते, म्हणून कीड जगत नाही व ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर आतला दूषित वायू निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे, इतकी त्याची सर्वांना माहिती होती.

या धान्यावर बाईचा अधिकार किती? पेव उघडावयाचे ते घरच्या कर्त्या पुरुषाने. तिच्या हाती काय ते रोजचे माप येई. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हा हिशोब शाळेत न गेलेल्या बाईलाही तोंडपाठ असे. माप शिगेचे आहे की सपाट, हे ती नजरेने ओळखी. जात्यावर बसण्यापूर्वी मापातली एक मूठ ज्वारी ती कोपऱ्यातल्या मडक्यात टाकी. मूठ ५० ग्रॅमची धरली तरी वर्षाकाठी अठरा किलो होतात. आषाढात कणगीचा तळ दिसू लागला की ते मडके पुढे येई. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे तिचे पहिले बचतखाते होते.

धान्य साठविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते राखणेही. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावला की दाण्यावर तेलाचा पातळ थर बसतो व किड्यांची अंडी त्यावर टिकत नाहीत. कडधान्यात चाळलेली राख मिसळीत, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालीत. चैत्र-वैशाखाचे फुकटचे ऊन वाया जाऊ देणे हा तर अपराधच मानला जाई. गवार, भेंडी, वांग्याच्या फोडी, मेथी वाळवून ठेवीत, कारण पावसाळ्यात बाजाराला जाण्याची सोय नसे आणि हातात पैसाही नसे. कुरडया करताना गव्हाचा जो चोथा उरे, त्याच्या भुसवड्या होत. येसर तर आपल्याकडचे खास. भाजलेल्या धान्यांचे व मसाल्याचे हे पीठ डब्यात असले की अवेळी पाहुणा आला तरी आमटीची चिंता नसे. ही सारी वाळवणे शेजारणी-शेजारणी सावडीने उरकीत; आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. मजुरीचा पैसा असा वाचे आणि चार सुखदुःखाच्या गोष्टीही होत.

कापडाचेही तसेच. नऊवारी लुगडे विरले की त्याच्या धडक्या भागाची बाळासाठी दुपटी होत, झोळी होई. उरलेल्याचे थर देऊन वाकळ शिवली जाई आणि वाकळीच्याही चिंध्या झाल्या की त्यांचे पोतेरे होई. सरपणासाठी तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या आणि उन्हाळ्यात थापलेल्या गोवऱ्या. त्यांची राख भांडी घासावयास. घराबाहेर टाकण्यासारखे असे काही उरतच नसे.

परंतु इतिहास लिहावयाचा तर तो खरा लिहिला पाहिजे. या काटकसरीत एक कलम असे आहे की ज्याचे कौतुक मला करवत नाही. टोपल्यात भाकरी कमी असली तर ती कोणाच्या ताटातून कमी होई, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. सर्वांच्या मागून जेवणारी बाई उरलेल्या भाकरीच्या कुस्कऱ्यावर भागवी आणि गर्भारपणातही तेच चाले. स्वतःच्या रक्तातून केलेली ही बचत घराला फार महाग पडली. तिला काटकसर म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रोख पैशाकडे वळू. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे येथे निजामाचे ‘हाली’ नाणे चाले. चारमिनाराची छाप असलेला हाली रुपया आणि ब्रिटिश मुलखातला ‘कलदार’ रुपया हे दोन निराळे रुपये. खानदेशात माहेर असलेल्या सुनेला ही दोन्ही गणिते करावी लागत. बाजारात अंडी, तूप, शेवग्याच्या शेंगा विकून आलेली चवली-पावली बायका पदराच्या गाठीत, उतरंडीच्या तळच्या मडक्यात किंवा चुलीमागे पुरून ठेवीत. हैदराबाद स्टेट बँकेचे काम १९४२ साली सुरू झाले होते. पण तिचा दरवाजा खेड्यातल्या बाईसाठी नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९५० मध्ये येथे भारतीय रुपया सुरू झाला आणि ७ हाली रुपयांस ६ कलदार असा भाव ठरला. जिच्या मडक्यात एकवीस हाली होते, तिच्या हाती अठरा आले. भाव हिशोबाला धरून होता. पण पै-पै करून जमविलेल्या बाईला तीन रुपये गेल्यासारखेच वाटले असणार. १९५९ मध्ये हाली नाणे चलनातून अजिबात बाद झाले. त्यानंतर मडक्यात राहून गेलेली हाली नोट नुसता कागद ठरली.

मध्यंतरी, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे ६ नवे पैसे, पण चार आण्यांचे २५. म्हणजे सुटा एकेक आणा मोडला तर चार आण्यांचे २४ च हाती पडत आणि एक पैसा जाई. मी तेव्हा सात वर्षांची होते. माझी आई आणे सुटे न मोडता चाराचा जोड झाल्यावरच दुकानी नेई, हे मला पक्के आठवते. ती निरक्षर होती, पण हिशोबात तिला कोणी फसवू शकत नसे.

या सर्व काटकसरीची परीक्षा १९७२ च्या दुष्काळाने घेतली. आपल्यापैकी ज्येष्ठ भगिनींना तो सांगावयास नको. विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरे कवडीमोलाने गेली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे आणि दुष्काळी कामावर सुकडी. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे अशा कामांवर १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे होती, आणि त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. मी बावीस वर्षांची होते. हातोडा घेऊन मीही खडीवर बसत असे.

त्या वर्षी घरोघरी प्रथम मडक्यातली ज्वारी गेली, मग मडक्यातला पैसा, आणि मग बाईच्या अंगावरची चांदी. आमच्या घरी सासूबाईंच्या दंडातल्या येळा आणि पायांतले तोडे एका सावकाराकडे गहाण पडले. ते दागिने त्यांच्या माहेरचे होते, परंतु सावकाराच्या वहीत नाव मामंजींचे लागले. पुढे व्याज फिटले नाही आणि दागिने बुडाले, तेव्हा सासूबाईंना ते कोणी विचारून गेले नाही की सांगूनही गेले नाही. दोष मी मामंजींना देत नाही. कुटुंब जगविण्यासाठीच त्यांनी ते केले. पण तीस वर्षांची बचत जिची, तिचे नाव कोठल्याच कागदावर नव्हते, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

कायदा मात्र तोवर पुढे गेलेला होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची ठरविली आहे. आपल्या मुसलमान भगिनींचा मेहर हाही धर्माने व कायद्याने त्यांचाच असतो. पण कायदा घरात यावयाला उशीर लागतो. तो येण्यासाठी बाईच्या हाती तिच्या नावाचा कागद असावा लागतो.

तो कागद हळूहळू आला. घरोघर जाऊन टपालखात्याच्या आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करणाऱ्या महिला प्रतिनिधींची योजना दुष्काळाच्याच वर्षी, १९७२ मध्ये सुरू झाली. दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. खडी फोडणाऱ्या बाईला काम मागण्याचा हक्क त्यामुळे मिळाला. १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. दहा ते वीस बायका, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसांत कर्ज, वेळेवर फेड आणि नीट लिहिलेली वही. विचार केला तर यात नवे फार थोडे आहे. रोजची मूठ आणि शेजारची सावड यांनाच येथे वही मिळाली, आणि वहीत प्रत्येकीचे नाव आले.

तरीही मडके काही सुटले नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यातून, साड्यांच्या घडीतून किती नोटा बाहेर आल्या, हे आपण पाहिलेच. गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. अनेकींच्या घरी त्या दिवशी प्रथमच कळले की बाईजवळ शिल्लक आहे. आणि पुष्कळ ठिकाणी ती भरली गेली ती घरच्या पुरुषाच्या खात्यात. हाली नाण्याच्या वेळी जे झाले तेच साठ वर्षांनी पुन्हा झाले.

म्हणून भगिनींनो, जुन्या सवयी टाकू नका असे मी म्हणते. कडुलिंबाचा पाला आजही तेवढाच गुणकारी आहे, वाळवणाला ऊन आजही फुकट आहे आणि वाकळीची ऊब विकतच्या पांघरुणाला नाही. फक्त दोन गोष्टी बदलाव्यात. बचत स्वतःच्या ताटातून करू नये. आणि केलेली बचत स्वतःच्या नावावर असावी.

या वर्धापनदिनाच्या निमित्ताने प्रत्येकीने घरी जाऊन एवढे करावे. पासबुक काढावे आणि पहिल्या पानावर नाव कोणाचे आहे ते पाहावे. वारस म्हणून कोणाची नोंद आहे, शेवटची भरणा कोणत्या तारखेची आहे, तेही पाहावे. वाचता येत नसेल तर मुलीकडून, नातीकडून वाचून घ्यावे. आणि खातेच नसेल, तर पुढल्या बैठकीला येताना तसे सांगावे. फॉर्म भरून द्यावयाला मंडळात पुष्कळ जणी आहेत, मीही आहे.