परागंदा इराणी आणि मुंबई इलाखा

मराठींत ‘परागंदा होणें’ असा एक वाक्प्रचार आहे. राजाच्या रोषामुळें घरदार सोडून जो देशोधडीस लागतो, त्यास आपण परागंदा म्हणतों. हा शब्द मूळचा फारसी असून ‘विखुरलेला’ असा त्याचा अर्थ आहे. दरबारच्या व्यवहारांतून असे शेंकडों शब्द आपल्या भाषेंत आले, आणि १९२५ मध्यें प्रा. माधवराव पटवर्धन यांनीं आपला फारशी-मराठी कोश सिद्ध केला तेव्हां हें ऋण केवढें आहे तें सर्वांच्या नजरेस आलें. ज्या देशाच्या भाषेनें आपणांस हा शब्द दिला, त्याच देशाचे परागंदा लोक पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ आपल्या प्रांतांत येत आहेत. त्यांस आपण थारा दिला, याचा आपणांस अभिमान वाटतो. तो अभिमान कितपत रास्त आहे, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही पुण्याच्या पश्चिमेस बावधन येथें राहतों. तेथून सबंध शहर ओलांडून पूर्वेस नगर रस्त्यानें गेलें म्हणजे आगाखान पॅलेस लागतो. गांधीजींच्या बंदिवासाचें व कस्तुरबांच्या समाधीचें स्थान म्हणून लोक तेथें श्रद्धेनें जातात. परंतु हा वाडा मुळांत एका परागंदा घराण्याचा आहे, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. पहिले आगाखान हसन अली शाह हे इस्माइली पंथाचे इमाम व कर्मान प्रांताचे सुभेदार होते. सुभेदारी गेल्यावर त्यांनीं महंमद शहाविरुद्ध शस्त्र उपसलें. त्यांत अपयश येऊन १८४१ मध्यें ते अफगाणिस्तानांत उतरले. कंदाहारास व पुढें सिंधेंत त्यांनीं इंग्रजांस साह्य केलें, त्याबद्दल त्यांस तनखा मिळाला, आणि १८४६ मध्यें ते मुंबईस आले.

यापुढील हकीकत मननीय आहे. शहानें आपला बंडखोर परत मागितला. इंग्रजांनीं त्यांस शहाच्या हवालीं केलें नाहीं. पण मुंबईंतही राहूं दिलें नाहीं. १८४७ मध्यें त्यांची रवानगी कलकत्त्यास झाली. पुढच्या वर्षीं शहा वारला, तेव्हां कोठें वर्षाअखेर त्यांस मुंबईस परतण्यास मोकळीक मिळाली. १८८१ मध्यें ते मुंबईंतच निवर्तले. माझगांवच्या हसनाबादेंत त्यांची कबर आहे. त्यांचे नातू तिसरे आगाखान यांनीं १८९२ मध्यें पुण्याचा वाडा बांधविला. बरोबर पन्नास वर्षांनीं, १९४२ च्या ऑगस्टांत, त्याच वाड्याचा इंग्रजांनीं तुरुंग केला. महादेवभाई देसाई तेथें आठवड्याच्या आंत वारले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबांनीं तेथेंच देह ठेविला. शहाच्या हातून सुटलेल्या घराण्याच्या वास्तूंत, त्या घराण्यास तारणाऱ्या सरकारनेंच आपले बंदिवान कोंडिले! १९६९ मध्यें चौथ्या आगाखानांनीं तो वाडा भारतास अर्पण केला. आश्रय व कैद हीं एकाच सत्तेच्या उजव्या-डाव्या हातचीं कामें असूं शकतात, ही गोष्ट त्या वास्तूइतकी स्पष्टपणें दुसरें कोणी सांगणार नाहीं.

राजकुलांतले आश्रित थोडे. सामान्य आश्रित पुष्कळ. यज्द व कर्मान येथील जरथुष्ट्री लोक जिझियाच्या व नाना अपमानकारक निर्बंधांच्या भारानें गांजलेले होते. मुंबईच्या पारशांनीं १८५४ मध्यें माणेकजी लिमजी हातारिया यांस त्यांच्या साह्यार्थ धाडिलें. त्यांच्या व इतरांच्या खटपटीनें १८८२ मध्यें तो कर उठला. कर उठला तरी दैन्य उठलें नाहीं. तेव्हां अनेक कुटुंबें मुंबई-पुण्यास येत राहिलीं, आणि पाव, बिस्किटें व चहा यांवर त्यांनीं आपला संसार उभा केला. पुण्यांतील इराण्याच्या संगमरवरी मेजावर ज्यांनीं विद्यार्थिदशेंत तासन् तास वाद घातले, त्यांस हा चहा कोणत्या दुःखाच्या वाटेनें आला याची क्वचितच विचारपूस करावीशी वाटली असेल. ‘आलम आरा’ हा हिंदी बोलपट काढणारे अर्देशीर इराणी यांचा जन्म अशाच समाजांत, १८८६ मध्यें पुण्यास झाला.

याच अर्देशीर इराण्यांच्या इंपीरियल कंपनीनें १९३३ मध्यें ‘दुख्तर-ए-लोर’ हा फारसी भाषेंतील पहिला बोलपट मुंबईंत तयार केला. तो अब्दुलहुसेन सिपंता यांनीं लिहिला, व नायकाची भूमिकाही त्यांनींच केली. त्यांतील प्रेमी युगुल दरोडेखोरांच्या भयानें मुंबईस पळून येतें, आणि रिझाशहाची नवी राजवट सुरू झाल्याचें कळतांच आनंदानें मायदेशीं परततें. पडद्यावरचे परागंदा असे सुखरूप घरीं पोंचले.

परंतु तीनच वर्षांनीं, १९३६ मध्यें, त्याच राजवटींतून सादिक हिदायत हा तरुण लेखक मुंबईस आला. बहरामगोर अंकलेसरिया यांच्यापाशीं तो पहलवी भाषा शिकला; आणि जी कादंबरी तेहरानांत छापणें शक्य नव्हतें, ती ‘बूफ-ए-कूर’ त्यानें हस्तलिखितावरून यंत्रानें उतरवून सुमारें पन्नास प्रतींत काढली. इराणांत या पुस्तकाच्या विक्रीस व छपाईस मनाई आहे, अशी टीपही त्यानें स्वतःच घातली. आधुनिक फारसी वाङ्मयांतील सर्वश्रेष्ठ म्हणून गणली गेलेली ही कृति अशी मुंबईच्या एखाद्या खोलींत, दोन हातांच्या बोटांनीं मोजतां येतील इतक्याच स्नेह्यांसाठीं जन्मास आली. पुढें १९४१ मध्यें रिझाशहास सिंहासन सोडावें लागलें, तेव्हां ती तेहरानच्या एका दैनिकांतून प्रसिद्ध झाली. आणि दैवगति अशी कीं, पदच्युत शहास घेऊन निघालेलें जहाज त्याच वर्षीं मुंबईच्या बंदरांत आलें. इंग्रजांनीं त्यास किनाऱ्यावर पाऊल ठेवूं दिलें नाहीं. त्यास मॉरिशसला नेण्यांत आलें, व १९४४ मध्यें तो जोहान्सबर्गला परदेशींच मरण पावला. ज्याच्या भयानें लेखकास मुंबई गांठावी लागली, त्यास स्वतःस ती केवळ दुरून पाहतां आली.

यावरून मुंबई इलाखा हें विचारस्वातंत्र्याचें माहेरघर होतें, असें कोणी अनुमान काढील तर तें चुकीचें होईल. फारसी कादंबरीच्या पन्नास प्रतींकडे ज्या सरकारनें ढुंकूनही पाहिलें नाहीं, त्याच सरकारनें १९१० मध्यें खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चे प्रयोग बंद पाडिले, आणि त्यापूर्वीं १९०८ मध्यें लोकमान्यांस मंडालेस पाठविलें. मराठी शब्दांत राजास जाब विचारण्याची धमक होती. फारसी शब्द येथें कोणास बोंचत नव्हता. हिदायतास लाभली ती स्वातंत्र्याची छाया नव्हे, उदासीनतेची. उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९०६ मध्यें देश सोडून गेले, ते पहिल्या महायुद्धांत इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठीं इराणांतच उतरले. तेथील टोळ्यांनीं त्यांस आसरा दिला. पुढें मेक्सिकोंत मक्याच्या संशोधनांत त्यांनीं नांव मिळविलें, आणि १९५५ च्या सुमारास ते नागपुरास परतले. म्हणजे ज्या काळीं इराणी माणूस मुंबईंत श्वास घेई, त्याच काळीं मराठी माणूस इराणच्या डोंगरांत दडे. दोघांसही मोकळीक मिळाली ती परक्याच्या अंगणांत.

१९७९ च्या क्रांतीनें शहाचें घराणें गेलें. पण परागंदा होण्याचें संपलें नाहीं. बहाई पंथाच्या लोकांनीं १९४५ मध्यें पांचगणीस शाळा काढली. त्याच पंथाच्या दहा स्त्रियांस १८ जून १९८३ रोजीं शिराझ येथें फांशी देण्यांत आलें. त्यांतील मोना ही अवघी सतरा वर्षांची होती, आणि लहान मुलांस धर्माचे पाठ शिकविणें हा तिच्या अपराधांपैकीं एक गणला गेला. जें काम पांचगणीस सन्मानानें होतें, त्यास शिराझेंत गळफांस! १६ सप्टेंबर २०२२ रोजीं महसा अमिनी ही बावीस वर्षांची तरुणी पोलिसांच्या ताब्यांत असतां मरण पावली, तेव्हां डोक्यावरच्या वस्त्रावरून उसळलेला क्षोभ सर्व जगानें पाहिला. पुण्याच्या विद्यापीठांत व महाविद्यालयांत अनेक वर्षें इराणी विद्यार्थी येत आले आहेत. त्यांच्याशीं आपलें बोलणें बहुधा भाडें, परीक्षा व हवामान यांपलीकडे जात नाहीं. घरची गोष्ट काढतांच ते गप्प होतात, आणि आपण त्यास त्यांचा अबोल स्वभाव समजतों. परंतु बोललेला शब्द मागें राहिलेल्या आईबापांस भोंवेल, ही धास्ती सीमा ओलांडल्यानें सुटत नाहीं.

म्हणून थारा देणें म्हणजे केवळ जागा देणें नव्हे. आगाखानांस जागा मिळाली, पण ती राजनीतीच्या सोयीनें. हिदायतास मिळाली, पण ती कोणाचें लक्ष नव्हतें म्हणून. आतां राज्य आपलें आहे; परक्या सरकारच्या सोयीची वा उदासीनतेची सबब आपणांस उरलेली नाहीं. माधवराव पटवर्धन फर्ग्युसन महाविद्यालयांत फारसी शिकवीत असत. ती भाषा आज आपल्या तरुणांपैकीं कितीजण शिकतात? जें तेथें छापतां येत नाहीं तें फारसींतून सरळ मराठींत आणणें, आणि जो गप्प आहे त्यास बोलतें करण्याची घाई न करतां त्याच्या मौनाचा अर्थ समजून घेणें, एवढें तरी सुशिक्षित मराठी घरांस सहज करतां येईल. त्याबरोबर आपल्या स्वतःच्या देशांत कोणतें पुस्तक वा कोणतें नाटक बंद पडतें, याकडेही डोळसपणें पाहिलें पाहिजे. स्वतःच्या घरांत शब्दास जपणाराच परक्याच्या शब्दास खरा आसरा देऊं शकतो. आणि परागंदा हा शब्द आपल्या कोशांत आहे, तो केवळ दुसऱ्यांसाठीं आहे असें इतिहास सांगत नाहीं.