एक ढाल, दोन राजे

मंडळी, इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या, पण नाणी मात्र त्यांना कधी फारशी दाखवता आली नाहीत. म्हणून आज एका नाण्याविषयी. हंगेरीचा राजा यानोश सापोयाई याचा चांदीचा देनार.

नाणं केवढं? दीड सेंटिमीटर रुंद, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला बाळ येशूला घेतलेली मेरी, म्हणजे हंगेरीची रक्षणकर्ती. दुसऱ्या बाजूला राज्याची ढाल. हंगेरीच्या ढालीवर आडवे पट्टे असतात, ते जुन्या आर्पाद घराण्याचे. दोन आडव्या दांड्यांचा क्रूस असतो, आणि डाल्मेशियाची तीन बिबट्यांची तोंडंही. आणि या सगळ्याच्या मधोमध एक इवलीशी ढाल, ती राजाच्या स्वतःच्या घराण्याची. मात्याश राजाच्या (१४५८ ते १४९०) देनारवर तिथे चोचीत अंगठी धरलेला कावळा आहे. पुढे पोलंडच्या राजघराण्यातले राजे आले, तेव्हा तिथे गरुड बसला.

मग २९ ऑगस्ट १५२६ हा दिवस उजाडला. मोहाचच्या लढाईत सुलतान सुलेमानने हंगेरीचं सैन्य बुडवलं. वीस वर्षांचा राजा लायोश पळताना मेला, मूलबाळ नाही. नोव्हेंबरात सरदारांच्या एका गटाने यानोशला राज्याभिषेक केला, तर डिसेंबरात दुसऱ्या गटाने ऑस्ट्रियाच्या फर्डिनांडला राजा निवडलं. गंमत बघा, पुढच्या वर्षी फर्डिनांडलाही त्याच मुकुटाने आणि त्याच बिशपने राज्याभिषेक केला!

दोघांनीही देनार पाडले. मेरी तीच, राज्याची ढाल तीच. फरक फक्त मधल्या टिकलीएवढ्या ढालीत. यानोशकडे लांडगा, फर्डिनांडकडे ऑस्ट्रियाचा पट्टा. खाणींची गावं आणि क्रेम्नित्साची टांकसाळ १५२७ मध्ये फर्डिनांडकडे गेली, त्यामुळे पट्टेवाले देनार आजही भरपूर मिळतात, लांडगेवाले त्या मानाने थोडे.

बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला हा लांडगा आणि पट्टा दिसला तरी असेल का, असा विचार मनात येतो. तिच्या दृष्टीने देनार तो देनार. पण त्या टिकलीएवढ्या जागेपायी बारा वर्षं देश भाजून निघाला. १५३८ मध्ये तह झाला, १५४० मध्ये यानोश वारला आणि १५४१ मध्ये राजधानी बुडा तुर्कांच्या हाती गेली.

डाल्मेशियाचंच घ्या. तिथला बहुतेक किनारा १४२० च्या सुमारासच व्हेनिसने घेतला होता, तरी ते बिबटे ढालीवरून काही उतरले नाहीत. नाण्यावर काय कोरलंय त्यावरून राजाला काय हवं होतं एवढंच कळतं. त्याच्याकडे खरोखर काय होतं, ते नकाशालाच विचारावं लागतं. घरातल्या नातवंडांना इतिहास शिकवताना एवढं जरूर सांगा.

असो. आज इतकंच.