संथा ते ॲप: पहिलं वाक्य कोण ठरवतं?

आजचा एपिसोड छोटा आहे. विषय आहे भाषा शिकवणारी ॲप्स आणि त्यांच्या आधीचा इतिहास.

आमच्या त्र्यंबकेश्वरला आंध्र-तेलंगणातून बरेच भाविक येतात. कुशावर्तावर, दर्शनाच्या रांगेत तेलुगू कानावर पडतेच. म्हटलं, शिकूया थोडी. एक ॲप घेतलं. पहिलाच प्रश्न: तुमची भाषा कोणती? यादीत मराठी नाहीच! २०११ च्या जनगणनेत ८ कोटींहून जास्त लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली होती, तरीही. मग इंग्रजीतून सुरुवात केली. पहिला धडा: मुलगा, सफरचंद. ऐका, म्हणा, परत म्हणा.

हे 'परत म्हणा' काही नवीन नाही बरं का. आमच्या गावात वेदपाठशाळा आहेत. तिथे गुरुजी संथा देतात. ते म्हणतात, विद्यार्थी ऐकून पुन्हा पुन्हा म्हणतात. पुढे शब्दांचा क्रमही फिरवतात. जटापाठात पहिला-दुसरा, मग दुसरा-पहिला, परत पहिला-दुसरा. एखादा शब्द सुटला की लगेच लक्षात येतं. अशा पाठांतरावर वेद टिकले. २००८ मध्ये युनेस्कोनेही वेदपठणाची परंपरा आपल्या वारसा यादीत घेतली.

पण संथेचं काम शब्द जपण्याचं. बाजारात बोलायचं तर संवाद लागतात. मराठी शिकणाऱ्यांसाठी असे संवाद १८०५ मध्ये छापले गेले, आणि तेही बंगालात, श्रीरामपूरला! विल्यम कॅरी यांच्या मराठी व्याकरणाला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडलेले होते. त्यांना मदत होती पंडित वैजनाथ यांची. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचे, आणि त्यांचे विद्यार्थी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे तरुण अधिकारी. म्हणजे बघा, भाषा आपली, पण धडे साहेबाच्या गरजेचे. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मोठा कोश आला, तोही मराठी-इंग्रजी.

माझ्या मते ॲपचा प्रश्नही तोच आहे. तंत्र बदललं, पण धडा कोणासाठी लिहिलाय हे आधी ठरतं आणि वाक्यं नंतर येतात. त्र्यंबकच्या दुकानदाराला सफरचंदाचं काय करायचंय? त्याला हवंय 'कुठे', 'किती', 'पाणी'.

म्हणून मी ॲप ठेवलं उच्चार ऐकायला, आणि माझे शब्द वहीत लिहिले. तेलुगू बोलणाऱ्या यात्रेकरूंना विचारून विचारून. एक्कड म्हणजे कुठे. एंत म्हणजे किती. नीळ्ळु म्हणजे पाणी. मी म्हणतो, ते दुरुस्त करतात, मी परत म्हणतो. संथाच की ही!

तुम्हीही करून बघा. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याकडून आधी दहा वाक्यं घ्या, आणि मग ॲप उघडा. तुमची दहा वाक्यं कोणती, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!