यान कोणी घडवले? 'एंटरप्राइज'चा आराखडा आणि आपली यंत्रकल्पना

जे यान कधी आकाशात उडालेच नाही, त्याचा इतिहास लिहिण्यात काय हशील, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु दूरचित्रवाणीवरील अंतराळयान निव्वळ कल्पनेत राहत नाही. कोणीतरी त्याचे ड्रॉइंग काढतो, कोणीतरी लाकूड तासतो, कोणीतरी रंगाचा हात देतो आणि कोणीतरी हिशेबाची वही पुढे करून 'एवढे पैसे नाहीत' असे सांगतो. म्हणजे हे यान खोटे असले तरी त्याची घडण खरी असते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या ज्या पट्ट्याची ओळखच यंत्रे घडवण्यावर उभी आहे, तेथून पाहिले असता या घडणीच्या इतिहासात आपल्याविषयीही काही सापडते, असे आम्हांस वाटते. त्याचाच हा विचार.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकी मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी, म्हणजे मानवाने चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या जेमतेम सात आठवडे आधी, ७९ भागांनंतर बंद पडली. आपल्याकडे ती पोहोचली ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनमुळे. सिंहगडावरील प्रक्षेपण केंद्राच्या कृपेने पुणे आणि भोवतालच्या औद्योगिक वसाहतींतील घरांत दूरचित्रवाणी दिसू लागली होती. तिच्या पडद्यावर ते थाळीसारख्या शिराचे, मागे दोन लांब नळ्या उंचावलेले 'एंटरप्राइज' यान आमच्या पिढीने पाहिले. संवाद सगळे समजत नसत. यान मात्र समजत असे. ते का समजत असे, हा खरा प्रश्न आहे.

मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याने १९६४ साली लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात यानाचे नाव 'यॉर्कटाउन' होते. ते पुढे बदलून 'एंटरप्राइज' झाले. यानाचा आराखडा करण्याचे काम आले वॉल्टर उर्फ मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाकडे. हा मनुष्य मुळात विमानांच्या जगातला. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकी विमानांवर होता आणि पुढेही विमानांचा छंद त्याने सोडला नाही. रॉडनबेरीने त्याला काय हवे यापेक्षा काय नको हेच अधिक सांगितले: पंख नकोत, कल्ले नकोत, शेपटीतून निघणाऱ्या ज्वाळा नकोत, तरीही यान शक्तिमान दिसले पाहिजे. म्हणजे तोवरच्या चित्रपटांतील अग्निबाणांची सगळी ओळखीची चिन्हे वर्ज्य ठरली. असा नकारांचा कागद हाती आल्यावर सामान्य चित्रकार सुंदर आकार शोधू लागला असता. जेफरीजने प्रश्न विचारण्यास सुरुवात केली.

त्याचे प्रश्न कारखान्यातले होते. इंजिने इतकी प्रचंड शक्तीची असतील, तर माणसांनी त्यांच्या शेजारी राहावे काय? नाही, म्हणून ती यानाच्या देहापासून दूर, खांबांवर गेली. इंजिन बिघडल्यास काय करावे? विमानाचे इंजिन जसे अखंड उतरवून दुसरे चढवतात तसे हेही करता यावे. म्हणून ती दोन स्वतंत्र नळकांडी. दुरुस्ती कोठून करावी? अवकाशात बाहेर लोंबकळत काम करणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून यंत्रे सगळी आत आणि बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत. यानाच्या आत दुरुस्तीसाठी तिरके शिरण्याचा जो बोगदा मालिकेत दिसतो, त्याला पुढे जेफरीजचेच नाव मिळाले. दहा वर्षांनी 'स्टार वॉर्स'च्या यानांवर खेळण्यांतल्या रणगाड्यांचे सुटे भाग चिकटवून पृष्ठभाग खडबडीत करण्यात आला, तेव्हा यंत्राचा आभास उभा करण्याची अगदी उलटी रीत रूढ झाली. दोन्ही रीती डोळ्यांना पटतात. परंतु पहिलीत देखभालीचा विचार आधी आला आणि रूप त्यामागून आले.

यानावरील 'एनसीसी-१७०१' हा क्रमांकही असाच. 'एनसी' ही अमेरिकेतील जुन्या नागरी विमानांच्या नोंदणीची अक्षरे. त्यांत एका 'सी'ची भर पडली. आकडे निवडताना ३, ६, ८ आणि ९ वगळले गेले, कारण त्या काळच्या लहान पडद्यावर ते एकमेकांसारखे दिसले असते. कारच्या डॅशबोर्डवरचे आकडे ठरवणाऱ्या कोणत्याही अभियंत्याला ही विचारसरणी परकी वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष प्रतिकृतीकडे वळू. आधी सुमारे ३३ इंचांची छोटी प्रतिकृती झाली आणि तिच्यावरून ११ फूट २ इंचांची मोठी. तिची घडण मुख्यत्वे लाकडाची. भोसरीच्या फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या कारागिराच्या हातांना ही जातकुळी ओळखता येईल: आधी लाकडात अचूक रूप, मग बाकी सारे. पुढे आतल्या दिव्यांसाठी तारा घातल्या गेल्या आणि त्या डाव्या बाजूने बाहेर काढण्यात आल्या. परिणामी ती बाजू छायाचित्रणाच्या लायकीची राहिली नाही. म्हणून 'एंटरप्राइज' पडद्यावर बहुतेक वेळा उजव्याच अंगाने जाताना दिसते. जिच्या नावावर अनंत अवकाश आहे, ती वस्तू प्रत्यक्षात एकाच बाजूने पुरी झालेली! १९७४ साली ही प्रतिकृती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आली. बऱ्याच डागडुजीनंतर २०१६ पासून ती तेथील विमान व अवकाश संग्रहालयाच्या मुख्य दालनात, खऱ्या विमानांच्या आणि यानांच्या संगतीत मांडली गेली.

खर्चाची बाजूही विसरता येत नाही. दर आठवड्याला एवढे मोठे यान एकेका ग्रहावर उतरताना दाखवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे माणसे क्षणात विरघळून दुसरीकडे प्रकट होतात, ही युक्ती जन्मली. तंत्रज्ञानाची जी कल्पना पुढे जगभर गाजली, तिच्या मुळाशी पैशांची चणचण होती. आणि यानात बिघाड झाला की तो निस्तरणारा माणूस मालिकेत ठळकपणे होता: मुख्य अभियंता स्कॉट. कप्तान आज्ञा देई. पण इंजिन किती ताण सोसेल, हे सांगण्याचा अधिकार स्कॉटचा. प्रेक्षकांनी त्याच्यावर प्रेम केले ते याच अधिकारामुळे.

स्कॉटसारखी माणसे आपल्याकडे कमी नव्हती. हा औद्योगिक पट्टा त्यांच्यावरच उभा राहिला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरी-चिंचवडला टेल्को. टेल्कोचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सुमंत मुळगावकरांनी येथे आधी यंत्रे घडवणारी यंत्रे, साचे आणि शिकाऊ कामगार तयार करण्यावर भर दिला. ट्रक त्यामागून आले. आधी हत्यार, मग वस्तू. या परिसरातील हजारो घरांत फिटर, टर्नर, टूलमेकर, ड्राफ्ट्समन होते. तेच संध्याकाळी, पहिली पाळी संपल्यावर, दूरचित्रवाणीसमोर बसत. जेफरीजचे प्रश्न त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते स्वतः दिवसभर तेच प्रश्न विचारत असत. यान समजत असे ते म्हणूनच, असा आमचा तर्क आहे.

मग आपली स्वतःची याने कशी निघाली? दूरदर्शनवर १९८९ साली 'स्पेस सिटी सिग्मा' आली आणि १९९८ साली 'कॅप्टन व्योम'. दुसरीचे दिग्दर्शक केतन मेहता. मिलिंद सोमण नायक. संगणकीय दृश्यपरिणामांची जी नवी विद्या मुंबईत रुजत होती, तिचे हे आरंभीचे धाडस. ते धाडस खरोखर मोठे होते, आणि साधने तुटपुंजी होती म्हणून त्यास हसणे आम्हांस मान्य नाही. तुटपुंज्या साधनांतून काय निघते ते वर पाहिलेच. आमचे निरीक्षण वेगळे आहे. तेथे यान हे नायकाचे वाहन होते. मालिकेचे नाव नायकाचे, प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले ते नायक, खलनायक आणि त्यांचे पोशाख. यानाची दुरुस्ती, त्याची मर्यादा, त्याचा स्वभाव हा कथेचा विषय झाला नाही. नवल असे की, याच दिग्दर्शकाने १९८७ च्या 'मिर्च मसाला'त मिरच्या कुटण्याच्या कारखान्याला आणि तेथे राबणाऱ्या स्त्रियांना कथेच्या मध्यभागी आणले होते.

त्याच १९९८ साली पिंपरीत दुसरे एक वाहन आकार घेत होते. टेल्कोच्या 'इंडिका'चे रूप जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. तिच्या बाह्यरूपाला तुरीन येथील आराखडाकारांचा हात लागला होता आणि तिच्या जुळणीसाठी ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजांनी येथे आणून पुन्हा उभारण्यात आला होता. आरंभीच्या गाड्यांविषयी तक्रारी आल्या, त्या निस्तरल्या गेल्या आणि २००१ साली सुधारलेली आवृत्ती आली. कारखाना खोलून समुद्रापार नेणे आणि पुन्हा जोडणे, ही गोष्ट विज्ञानकथेत शोभावी अशी. परंतु एक गाडी पिंपरीत आणि एक यान मुंबईत, एकाच वर्षी, एकाच राज्यात तयार होत असताना त्यांचे एकमेकांशी काही संभाषण झाले नाही. ज्यांना यंत्र कसे बिघडते हे ठाऊक होते, ते कथा सांगत नव्हते. आणि जे कथा सांगत होते, त्यांनी कारखान्याची पायरी चढली नव्हती.

हा दुरावा केवळ दूरचित्रवाणीचा नाही. मराठी विज्ञानकथेचा आरंभ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या 'केरळ कोकिळ' मासिकातील मराठी अवताराने झाला, असे मानले जाते. व्हर्नच्या त्या मूळ कादंबरीत प्रवासापेक्षा पूर्वतयारीच रसाळ आहे: ९०० फूट लांबीची तोफ, तिच्यासाठी जमिनीत खोदलेला साचा, १,२०० भट्ट्यांतून एकाच वेळी सोडलेला लोखंडाचा रस. ती चंद्राची कथा जेवढी, तेवढीच ओतकामाची. आपण तिच्यातून चंद्र घेतला. ओतकाम मागे राहिले. पुढे जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे ऋण मोठे आहे. त्यांच्या कथांचे जग बहुधा वैज्ञानिकांचे, संशोधनसंस्थांचे. ते त्यांच्या अनुभवाशी प्रामाणिक होते. पण त्यांच्यामागून येणाऱ्यांनी कार्यशाळेचे दार उघडायला हवे होते, ते फारसे उघडले गेले नाही.

येथे कोणी पुष्पक विमानाची आठवण देईल. द्यावीच, मात्र पुरती द्यावी. परंपरेप्रमाणे पुष्पक विश्वकर्म्याने घडवले, ब्रह्मदेवाने ते कुबेराला दिले आणि रावणाने हिरावून घेतले. म्हणजे आपल्या पुराणकाराने मालकांआधी कारागिराचे नाव नोंदवले आहे. या उलट, विसाव्या शतकात प्राचीन म्हणून पुढे आलेल्या 'वैमानिक शास्त्रा'तील विमानांची चित्रे पाहावीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासून दाखवले की, तो ग्रंथ १९०४ नंतरचा आहे आणि त्यातील एकही विमान उडण्याजोगे नाही. 'एंटरप्राइज'ही उडण्याजोगे नाहीच. फरक असा की, ते स्वतःला कल्पित म्हणवते आणि तरीही यंत्राला विचारायचे प्रश्न टाळत नाही. अभिमानासाठी काढलेल्या चित्रात मात्र इंजिन कोण उतरवणार, हा प्रश्न उद्भवतच नाही.

आज हा विषय काढण्याचे कारण इतकेच की, खऱ्या यानांच्या बाबतीत आपण तो प्रश्न कधीच सोडवला आहे. पीएसएलव्ही अग्निबाणाची आवरणे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला बनली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ च्या अग्निबाणातील विकास इंजिने गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाली. दसऱ्याला भोसरीच्या लहानशा शॉपमध्ये लेथवर झेंडूचे तोरण चढते, हत्यारांना हळदकुंकू लागते. यंत्राविषयी एवढी आत्मीयता असलेल्या समाजाच्या कल्पित यानातही एखादा पाना हातात धरलेला माणूस असायला हरकत नसावी. कप्तानाने पूर्ण वेगाची आज्ञा द्यावी आणि त्याने खालून, शांत मराठीत, "साहेब, बेअरिंग तापलंय, अर्धा तास थांबा," असे सांगावे. त्या अर्ध्या तासात काय घडते, ती कथा आम्हांस वाचायची आहे.