पावडरची बाटली आणि पाण्याची रेघ : लेकरांच्या अँटिबायोटिक सिरपबद्दल माहिती असावं असं काही

हुमनाबाद : सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचं हे गाव तीन राज्यांच्या दवाखान्यांच्या मधे येतं. ताप उतरेना म्हणून कुणी लेकराला उमरग्याला नाहीतर सोलापूरला नेतं, कुणी बिदर-कलबुर्गी गाठतं, कुणी जहिराबादवरून थेट हैदराबाद. चिठ्ठी एका राज्यातली, औषध दुसऱ्या राज्यातल्या मेडिकलमधलं आणि ते कसं द्यायचं हे सांगणाऱ्याची भाषा तिसरीच, असं इथे रोज घडतं. तयार गोळीच्या बाबतीत त्यानं फार बिघडत नाही. लहान मुलांच्या पातळ अँटिबायोटिकचं तसं नाही. ते औषध अर्धं कारखान्यात बनतं आणि अर्धं घरी, चुलीशेजारी. त्यामुळे चूक व्हायला जागाही घरातच असते.

बाटलीत आधी पावडर का असते?

अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, सेफिक्झिम, सेफपोडोक्झिम ही मुलांना नेहमी दिली जाणारी औषधं पाण्यात फार दिवस टिकत नाहीत. पाणी लागलं की त्यांचा प्रभाव हळूहळू उतरायला लागतो. त्यात क्लॅव्हुलॅनिक ॲसिड तर फारच नाजूक, ओल आणि उष्णता दोन्ही त्याला सोसत नाही. म्हणून कंपनी कोरडी पावडर भरून देते, दुकानदार त्याला 'ड्राय सिरप' म्हणतो, आणि पाणी घरी घालायचं असतं. याच कारणानं बाटलीवर दोन मुदती असतात हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. छापलेली तारीख कोरड्या पावडरची. पाणी घातल्यावर वेगळी मुदत सुरू होते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची ती सात दिवस असते आणि तीही फ्रीजमध्ये ठेवलं तर. बाकीच्या औषधांची लेबलवर पाहावी. पाणी घातलं तो दिवस पेनानं बाटलीवर लिहून ठेवला तर पुढचा घोळ टळतो.

पाणी घालायची रीत अशी. आधी बाटली उलटीसुलटी करून, तळाशी टिचक्या मारून पावडर मोकळी करायची. सोबत पाण्याची छोटी बाटली आली असेल तर तेच पाणी, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं. कोमट नाही, दूध तर नाहीच. लेबलवर किंवा काचेवर बाणाची नाहीतर रेघेची खूण असते. पहिल्यांदा निम्म्यापर्यंत पाणी घालून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग रेघेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं. एका दमात रेघेपर्यंत ओतलं तर पावडरीचे गोळे राहतात, ते विरघळले की पातळी खाली जाते. ती पुन्हा रेघेवर आणली नाही तर प्रत्येक चमच्यात औषध जास्त जातं. उलट, 'कडक वाटतं' म्हणून रेघेच्या वर पाणी घातलं तर प्रत्येक चमचा कमजोर. पुढे रोज, दर वेळी पाजण्याआधी बाटली हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिले दोन दिवस लेकराला गोड पाणी आणि शेवटचे दोन दिवस नुसतं औषध.

सगळ्यात मोठी गफलत : ताकद

मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो आणि डॉक्टर तो मिलिग्रॅममध्ये काढतात. आई पाजते ती मात्र मिलिलिटरमध्ये. या दोन्हींना जोडणारा आकडा बाटलीवर असतो : पाच मिलिमध्ये किती मिलिग्रॅम. अमॉक्सिसिलिन १२५ चंही मिळतं आणि २५० चंही. सेफिक्झिम ५० आणि १००, अझिथ्रोमायसिन १०० आणि २००. क्लॅव्हुलॅनिक ॲसिडवाल्या बाटलीवर २२८.५ असेल तर त्यात २०० अमॉक्सिसिलिन नि २८.५ दुसरं. ४५७ असेल तर ४०० आणि ५७. नावापुढचं 'फोर्ट' किंवा 'डीएस' हेही बहुधा दुप्पट ताकदीचीच खूण.

आता सीमेवरची गोष्ट. समजा उमरग्याच्या डॉक्टरांनी २५० ची बाटली मनात धरून 'पाच मिलि, दोन वेळा' असं लिहिलं. हुमनाबादेत त्या कंपनीचं औषध नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीचं १२५ चं मिळालं. चमचा तोच, पाच मिलि. लेकराच्या पोटात मात्र निम्मंच औषध. ताप उतरत नाही, मग 'हा डॉक्टर काही कामाचा नाही' म्हणून सोलापूर. उलटं झालं, म्हणजे १२५ च्या जागी २५० आलं, तर डोस दुप्पट. कंपनी बदलली म्हणून घाबरायचं कारण नाही, घटक तोच असतो. पण दुकानातून निघण्याआधी चिठ्ठीवरचा आणि बाटलीवरचा आकडा शेजारी धरून बघायला अर्धा मिनिट लागतो. आकडे जुळत नसतील तर चमचा किती हे फार्मासिस्टनं डॉक्टरांना फोन करून विचारून घ्यावं. घरी अंदाजानं हिशेब मांडू नये.

घरातला चमचा हे माप नव्हेच. एका घरच्या चमच्यात तीन मिलि मावतं, दुसऱ्यात सात. सोबतचं खुणांचं झाकण किंवा माप वापरावं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर बिनसुईची सिरिंज बरी. दोन-पाच रुपयांची वस्तू, पण अडीच मिलि म्हणजे अडीचच मिलि. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावं. नाक दाबून घशात ओतलं तर ठसका लागतो.

'एरडु सल' की 'मूरु सल'?

चिठ्ठीवर 'बीडी' म्हणजे दोन वेळा, 'टीडीएस' म्हणजे तीन वेळा, 'ओडी' म्हणजे एकदा. १-०-१ लिहिलं असेल तर सकाळ आणि रात्र. दुकानात हेच कन्नडात सांगितलं जातं : 'दिनक्के एरडु सल', दिवसाला दोनदा. 'मूरु सल' म्हणजे तीनदा. 'ऐदु' म्हणजे पाच, 'एळु' म्हणजे सात. औराद, भालकी, बसवकल्याणकडच्या घरांत दोन्ही भाषा चालतात, पण सोलापूर-लातूरकडून माहेरी किंवा सासरी आलेल्या बाईला त्या वेळी हे शब्द उमगतीलच असं नाही. लाजायचं काही कारण नाही. बाटलीवर आकड्यात लिहून मागावं : किती मिलि, किती वेळा, किती दिवस. आकड्याला भाषा लागत नाही. हुमनाबादचे दुकानदार मराठी, कन्नड, दखनी तिन्ही बोलतात, विचारलं तर सांगतातही. गर्दीच्या वेळी विचारायचं राहून जातं एवढंच.

फ्रीज नसेल तर

उन्हाळ्यात या भागात पारा चाळिशीच्या वर जातो आणि वीज जाते ती वेगळीच. क्लॅव्हुलॅनिक ॲसिडवालं औषध अशा घरात उघड्यावर ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. डॉक्टरांना आधीच 'आमच्याकडे फ्रीज नाही' असं सांगावं. अमॉक्सिसिलिन पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपातही मिळतं. एका वेळची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवायची आणि लगेच पाजायची, साठवणीची भानगडच नाही. लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनाही याच गोळीला पसंती देते. फ्रीज असेल तर औषध खालच्या कप्प्यात ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात नाही. आणि सगळंच फ्रीजमध्ये कोंबायचं नसतं. क्लॅरिथ्रोमायसिनचं सिरप बाहेरच ठेवायचं असतं.

लागतं कधी, लागत नाही कधी

सर्दी, साधा खोकला, बहुतेक घसेदुखी आणि बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. जुलाबाला ओआरएस आणि १४ दिवस झिंक हाच मुख्य उपचार, शौचात रक्त असेल तर गोष्ट वेगळी. इथे मात्र जुलाब म्हटलं की दुकानातून दोन औषधं एकत्र केलेली बाटली मागायची सवय पडली आहे. ती मोडायला हवी.

न्यूमोनिया, कानातला पू, लघवीचा संसर्ग, टायफॉइड यांत मात्र हेच औषध जीव वाचवतं आणि तिथे उशीर परवडत नाही. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. २ महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरी बाटली शोधत बसू नये, दवाखाना गाठावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी तसंच.

डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध द्यावं. ताप दुसऱ्या दिवशी उतरला म्हणून बाटली बाजूला ठेवून पुढच्या महिन्यात धाकट्याला पाजणं हे सगळ्यांत वाईट. तोवर त्या पाण्यात औषध उरलेलं नसतं आणि धाकट्याचं वजनही वेगळं असतं. एखादा डोस चुकला तर आठवल्यावर द्यावा, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावा, दोन एकदम नकोत.

त्रास आणि धोका

पातळ शी होणं, थोडं मळमळणं हे नेहमीचं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोट कमी बिघडतं. तोंडात पांढरे चट्टे किंवा अंगावर पुरळ दिसलं तर डॉक्टरांना दाखवावं. अंगावर एकदम गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं ही पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांची खरी धोक्याची ॲलर्जी. तेव्हा पुढचा डोस द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करायचा. हा नंबर कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा तिन्हीकडे एकच आहे. अशी ॲलर्जी एकदा झाली असेल तर औषधाचं नाव कागदावर लिहून आधार कार्डासोबत ठेवावं. दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरकडे जुनी फाईल नसते.

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात २०२५ साली खोकल्याच्या सिरपनं वीसहून अधिक मुलं गेली. तेव्हापासून 'सिरप नकोच' अशी भीती बऱ्याच घरांत बसली आहे. तिथे दोष डायएथिलिन ग्लायकोल या विषारी द्रवाचा होता. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं, १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध या द्रवात विरघळवून विकलं गेलं आणि शंभरावर माणसं मेली. धडा खरा आहे, पण पावडरच्या बाटलीत तसला द्रव नसतो. पाणी घरचं असतं. तिथला धोका मापाचा आणि रेघेचा.

बिल घ्यावं. बाटलीच्या लेबलवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय मिळायला नको. सेफिक्झिम, सेफपोडोक्झिमसारखी औषधं २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. ती विकताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची असा नियम आहे. दुकानदार नाव विचारतो तेव्हा तो चौकशी करत नसतो, नियम पाळत असतो.

उरलेलं औषध मोरीत ओतू नये. याच महामार्गावर, हैदराबादच्या अलीकडे पटानचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन प्रचंड प्रमाणात असल्याचं २००७ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं. अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात. घरातली उरलेली बाटली माती किंवा चहाच्या चोथ्यात ओतून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाकावी, आणि रिकाम्या बाटलीवरचं लेबल खरडून काढावं, म्हणजे ती पुन्हा कुणी भरून विकणार नाही.